गोळी लागू पडेनाशी होते तेव्हा

झोपेच्या गोळीची वाटचाल बहुतेक घरांत सारख्याच पायऱ्यांनी होते. आधी काहीतरी घडतं. एखादं ऑपरेशन, मुलीचं लग्न, नोकरीतली बदली, जवळच्या कुणाचं जाणं. आठ-दहा रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. फॅमिली डॉक्टर ‘पॉइंट टू फाइव्ह’ लिहून देतात आणि पहिल्याच रात्री गाढ झोप लागते. ज्या कारणानं झोप उडाली होती ते महिन्या-दोन महिन्यांत मागे पडतं, गोळी मात्र राहते. जुनी चिठ्ठी दाखवून ती मिळत जाते. पुढे ‘पॉइंट टू फाइव्ह’ची ‘पॉइंट फाइव्ह’ होते, एकीच्या दोन होतात, औषधाचं नाव बदलतं. मग एक दिवस ती व्यक्ती माझ्यासमोर बसते, प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार-पाच प्रकारच्या स्ट्रिप्स टेबलावर काढून ठेवते आणि म्हणते, ‘‘मॅडम, आता कशाचाच गुण येत नाही. याहून स्ट्राँग काहीतरी द्या.’’

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. माझ्या ओपीडीत हे वाक्य इतक्या जणांनी उच्चारलं आहे, की त्यामागची निराशा मला पाठ झाली आहे. गोळी हा शेवटचा उपाय होता आणि तोही संपला, असं त्यांना मनापासून वाटत असतं. मला या लेखातून उलट गोष्ट सांगायची आहे. गोळी लागू पडेनाशी झाली की निद्रानाशावरचे उपाय संपत नाहीत. खरं तर निद्रानाशावरचा सगळ्यात टिकाऊ उपचार त्यांच्यापर्यंत तोवर पोहोचलेलाच नसतो, कारण तो औषधाच्या दुकानात मिळत नाही.

आधी गोळीबद्दल नीट समजून घेऊ. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन कुळातली औषधं. या कुळातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं. त्याआधीच्या बार्बिच्युरेट गोळ्या जास्त घेतल्या गेल्या तर जीव जात असे. त्यांच्या तुलनेत ही नवी औषधं कितीतरी सुरक्षित होती. म्हणूनच ती जगभर पसरली. झोल्पिडेम हे नंतरच्या पिढीचं औषध. मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन पेशींना शांत करण्याचं काम करतं; ही सगळी औषधं त्याचा परिणाम वाढवतात. दोन-चार वाईट आठवडे पार पाडायला त्यांचा चांगला उपयोग होतो, आणि त्यासाठी मीही ती लिहून देते.

अडचण पुढे सुरू होते. मेंदूला गोळीची सवय होते, तसा तिचा परिणाम ओसरत जातो. बेंझोडायझेपिनमुळे झोपेचा काळ थोडा वाढतो, पण त्यातला सगळ्यात खोल टप्पा कमी होतो. त्यामुळे ‘झोपलो, पण झोपल्यासारखं वाटत नाही’ ही तक्रार खरीच असते. क्लोनाझेपामची निम्मी मात्रा शरीराबाहेर जायला तीस-चाळीस तास लागतात. म्हणजे आज रात्री घेतलेली गोळी उद्या दुपारीही रक्तात असते. साठी-सत्तरीतल्या माणसाचा सकाळी तोल जाण्याचं, नावं न आठवण्याचं, बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडण्याचं मूळ अनेकदा तिथे सापडतं. झोल्पिडेम शरीरातून लवकर जातं, पण ते घेऊन काही लोक झोपेतच उठून चालतात, स्वयंपाकघरात जाऊन खातात, गाडीसुद्धा चालवतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये या औषधाच्या वेष्टनावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला तो याच कारणानं.

आणि एवढं करून मिळतं किती? झोल्पिडेमच्या गटातल्या औषधांच्या ज्या चाचण्या त्या प्रशासनाकडे जमा झाल्या होत्या, त्यांचा एकत्रित हिशोब २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. खोट्या गोळीच्या तुलनेत खऱ्या गोळीनं झोप लागायचा वेळ सरासरी २२ मिनिटांनी कमी केला होता. वाईट रात्री २२ मिनिटंही मोलाची असतात, हे मी जाणते. पण दोन गोळ्या घेऊनही अडीच वाजता टक्क जागं असलेल्या माणसाला ज्या रात्रीची आस आहे, ती त्या २२ मिनिटांत मावत नाही.

गोळी लागू पडत नाही असं कुणी सांगितलं, की माझं पहिलं काम म्हणजे हा निद्रानाशच आहे ना, हे पाहणं. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने किंवा अधिक काळ, झोपायला पुरेशी सवड असूनही झोप लागत नाही, टिकत नाही किंवा फार लवकर मोडते, आणि दिवसा त्याचा त्रास होतो. याला जुनाट निद्रानाश म्हणतात. पण याच तक्रारीआड दुसरी दुखणी दडलेली असतात. मी नेहमी सोबत आलेल्या माणसाला विचारते, ‘‘घोरतात का? घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडून मग दचकून श्वास घेतात का?’’ उत्तर ‘हो’ आलं, तर तो स्लीप ॲप्नियाचा संशय असतो. घशातला मार्ग झोपेत पुन्हा पुन्हा बंद होतो आणि मेंदू श्वासासाठी माणसाला उठवत राहतो. अशा माणसाला झोपेच्या गोळ्या वाढवत नेल्या, तर घशाचे स्नायू आणखी सैल पडून दुखणं बळावू शकतं. त्याची झोपेची तपासणी करावी लागते, आणि गरज असेल तर हवेच्या दाबाचं सीपॅप मशीन.

दुसरा प्रश्न पायांचा. ‘‘संध्याकाळ झाली की पोटऱ्यांत वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, कुणीतरी चेपून दिले की बरं वाटतं,’’ असं सांगणाऱ्या बायका आमच्या भागात पुष्कळ. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात आणि त्याचं एक मोठं कारण शरीरातलं लोह कमी असणं. हिमोग्लोबिन ठीक असलं, तरी साठवणीतलं लोह, म्हणजे फेरिटिन, कमी असू शकतं. ते ७५ च्या आत असेल तर आम्ही लोह सुरू करतो. वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेणाऱ्या एखाद्या बाईंना खरी गरज लोहाची असते. तिसरी तपासणी मनाची. पहाटे तीन-चारला जाग येते, मग झोप लागत नाही, आणि दिवसभर कशातच रस वाटत नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि उपचार नैराश्याचा करावा लागतो. मरणाचे विचार येत असतील, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी बोलावं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. शेवटी, घेत असलेली बाकीची औषधं. दम्यासाठीचं थिओफिलिन, स्टेरॉइड, सर्दीच्या काही गोळ्या, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, हे सगळं झोप मोडतं. आणि चहा. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन अकरालाही आत असतं.

एवढं सगळं तपासूनही काही सापडलं नाही, तर उरतो तो खरा जुनाट निद्रानाश. तो कसा तयार होतो याची सगळ्यात उपयोगी मांडणी आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात केली. काही माणसांची झोप मुळातच सावध असते. त्यात एखादं निमित्त घडतं आणि झोप उडते. पण निमित्त संपल्यावरही निद्रानाश टिकतो, तो आपण झोप भरून काढण्यासाठी जे करतो त्यामुळे. नऊलाच अंथरूण धरायचं, सकाळी उशिरापर्यंत लोळायचं, दुपारी पडून घ्यायचं, रात्री घड्याळ बघून ‘आता चारच तास उरले’ असा हिशोब करायचा, झोप येणार नाही या धास्तीनं जिन्यावरचे दिवे लागायच्या वेळेपासूनच अस्वस्थ व्हायचं. यातलं प्रत्येक पाऊल समजण्यासारखं आहे. प्रत्येक पाऊल झोपेला आणखी लांब नेतं.

याचं कारण शरीराच्या दोन यंत्रणांत आहे. झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये त्या मांडल्या आणि आजही झोपेचं शास्त्र त्यांवर उभं आहे. एक आहे आतलं घड्याळ. ते सकाळच्या उजेडानं जुळवलं जातं आणि उठण्याची वेळ रोज बदलली की बिघडतं. दुसरी आहे झोपेची भूक. आपण जागे असू तितका वेळ ती वाढत जाते आणि झोपलो की भागते. दिवसभर चरत राहिलेल्या माणसाला रात्री ताटावर बसून भूक लागत नाही, तसंच दुपारी तासभर निजलेल्या आणि नऊला आडवं झालेल्या माणसाच्या झोपेचं होतं. गोळी ही भूक वाढवत नाही. ती वाढते फक्त जागं राहिल्यानं.

गोळीविना उपचार उभा आहे तो याच पायावर. त्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती. त्याचं प्रत्यक्ष रूप कसं असतं ते एका उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका. बारा-तेरा वर्षांपासून गोळी, आता दोन प्रकारच्या. त्यांना मी नवं औषध दिलं नाही, दोन आठवड्यांची रोजनिशी लिहायला सांगितली. अंथरुणाला पाठ कधी टेकली, अंदाजे डोळा कधी लागला, जाग किती वेळ होती, शेवटी कधी उठलात, दुपारी झोपलात का. घड्याळ न बघता, सकाळी आठवून. बँकेतली शिस्त असल्यानं वही चोख होती. साडेनऊला अंथरुणावर, अकराच्या सुमारास झोप. दीड ते तीन जाग. सहाला पुन्हा जाग, साडेसहाला उठणं. जेवणानंतर तासभर वामकुक्षी. मी त्यांच्यासमोरच बेरीज केली. अंथरुणात नऊ तास, प्रत्यक्ष झोप साडेपाच. शंभरातले एकसष्ट. बाकीचे साडेतीन तास ते रोज रात्री अंथरुणात जागण्याचा सराव करत होते.

‘‘काका, उद्यापासून तुम्ही रात्री बाराच्या आधी झोपायचं नाही आणि सकाळी साडेपाचला उठायचंच. दुपारी आडवं व्हायचं नाही.’’

‘‘अहो, झोप येत नाही म्हणून आलो, आणि तुम्ही झोपच कमी करताय?’’

प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की जेवढी झोप त्यांना सध्या मिळते तेवढाच वेळ अंथरुणाला द्यायचा, म्हणजे झोपेची भूक साठते आणि तुटक तुकडे एकमेकांना जोडले जातात. ही खिडकी पाच तासांहून लहान कधीच करायची नाही. स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत पहिले दहा-बारा दिवस जड जाते, हे मी कुणापासून लपवत नाही. दिवसा पेंग येते, चिडचिड होते. त्या काळात दुचाकी चालवू नका असं मी बजावते. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना बायपोलर आजार आहे, ज्यांचं पोट ट्रक-बस चालवण्यावर आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत अशी वापरत नाहीत. झोप तोडल्यानं फिट किंवा उन्माद येऊ शकतो. म्हणून ती वाचून आपली आपण सुरू करू नये.

काकांचा मोठा प्रश्न होता बारापर्यंत जागायचं कसं. काकूंनी त्यांच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांची पाटी ठेवली. टीव्ही नाही, मोबाइल नाही. हॉलमध्ये खुर्चीत बसून शेंगा फोडायच्या. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी सांगितलं, की साडेअकरालाच हातातली शेंग हातात राहून ते पेंगायला लागतात आणि त्या त्यांना हलवून जागं ठेवतात. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात झोप येऊ नये म्हणून धडपड चालली होती. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला खिडकी पंधरा मिनिटांनी मोठी करायची. काही आठवड्यांत ते सव्वाअकरा ते साडेपाच अशा सव्वासहा तासांवर स्थिरावले. आठ तासांची त्यांची अपेक्षा होती. पण दिवसा पेंग नाही, वाचलेलं लक्षात राहतं, संध्याकाळी पाय मोकळे करायला उत्साह आहे. त्यांच्या शरीराला एवढी झोप पुरत होती.

याच्या जोडीला दुसरा नियम, रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये दिलेला. अंथरूण फक्त झोपेसाठी आणि नवरा-बायकोच्या जवळिकीसाठी. जागेपणी तिथे पडून राहायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, की उठायचं, दुसरीकडे मंद उजेडात काहीतरी निवांत काम करायचं, आणि पेंग आली की परतायचं. पुस्तकात लिहितात, दुसऱ्या खोलीत जा. आमच्याकडे दुसरी खोली असेलच असं नाही. हॉलमध्ये मुलगा-सून, स्वयंपाकघरात सासूबाई, अशा घरातल्या बाईंनी जायचं कुठे? मी त्यांना सांगते, अंथरुणावरून उठून भिंतीशी चटईवर बसा, उशी मांडीवर घेऊ नका, हाताला काहीतरी काम असू द्या. आडवं पडून झोपेची वाट बघणं थांबलं, की नियमाचा अर्धा हेतू साधतो. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, आणि वेळ बघायला मोबाइल उचलू नका.

तिसरा भाग धास्तीचा. झोप प्रयत्नानं येत नाही. जितकी ओढून आणावी तितकी लांब जाते. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल अशा रुग्णांना उलट सल्ला देत: झोपायचा नाद सोडा, उलट जागं राहायचा प्रयत्न करा. अनेकांवरचं ओझं त्यानं उतरतं. ‘आज झोपलो नाही तर उद्या काहीच जमणार नाही’ या वाक्याची आम्ही मिळून तपासणी करतो. न झोपता गेलेल्या रात्रींनंतरचे दिवस कसे गेले, हे त्यांच्याच वहीत लिहिलेलं असतं. बरेचसे दिवस जमेच्या बाजूला निघतात.

या उपचाराचे आकडेही मी पेशंटला सरळ सांगते. २०१५ मध्ये एकत्र मांडलेल्या चाचण्यांत झोप लागायचा वेळ सरासरी १९ मिनिटांनी आणि मधली जाग २६ मिनिटांनी कमी झाली. एकूण झोप मात्र सात-आठ मिनिटांनीच वाढली. म्हणजे झोप लांबीनं फार वाढत नाही, ती सलग होते. गोळी बंद केली की तिचा फायदा थांबतो, इथे मात्र उपचार संपल्यावरही तो बराचसा टिकतो. म्हणूनच अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये जुनाट निद्रानाश असलेल्या प्रत्येक प्रौढाला आधी हाच उपचार द्यावा, असं सांगितलं. युरोपच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

आता हातातल्या गोळ्यांचं काय? त्या एकदम बंद करू नका. वर्षानुवर्षांची बेंझोडायझेपिन अचानक थांबवली, तर हात थरथरणं, प्रचंड घालमेल, कधी फिट येणं इथपर्यंत मजल जाते. शिवाय दोन-तीन रात्री झोप आधीपेक्षाही वाईट होते. पेशंटना वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय मी झोपूच शकत नाही.’ तो गोळी उतरण्याचा परिणाम असतो आणि तो ओसरतो. आधी झोपेची घडी बसवायची, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-तीन आठवड्यांनी एकेक पायरी उतरायची. काहींना सहा महिने लागतात, काहींना वर्ष. शेवटचा पाव तुकडा सोडताना सगळ्यात जास्त भीती वाटते. तिथे मी घाई करत नाही. कॅनडात पासष्टीपुढच्या, कायम बेंझोडायझेपिन घेणाऱ्या लोकांना गोळीचे धोके आणि ती हळूहळू उतरवायचं वेळापत्रक सांगणारी एक पुस्तिका घरी पाठवण्यात आली. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण थांबवली. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होतं. माणसाला नीट समजावून सांगितलं, तर म्हातारपणीही तो हे करू शकतो.

काहींच्या निद्रानाशाचं मूळ मात्र त्यांच्या हातात नसतं. अनेक ठिकाणी शेतीपंपाला थ्री-फेज वीज दिवसा आणि रात्री अशी आळीपाळीनं मिळते. ज्या आठवड्यात ती रात्री येते, त्या आठवड्यात शेतकरी अंधारात, विंचू-सापाच्या भीतीत पाणी पाजतो आणि पुढच्या आठवड्यात त्यानं रात्री झोपावं अशी शरीराकडून अपेक्षा असते. आतलं घड्याळ असं आठवड्या-आठवड्यानं फिरवता येत नाही. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारी मुलं आणि हॉस्पिटलात पाळ्या बदलणाऱ्या नर्स यांचंही तेच. त्यांना मी अंधारी खोली, ठरलेली वेळ आणि सकाळी घरी परतताना काळा चष्मा सुचवते, पण एवढ्यानं भागत नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांकडे मी डॉक्टर म्हणून आरोग्याची योजना म्हणूनच बघते. पाळ्यांचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनीही झोप हा खर्चाचा विषय म्हणून नव्हे, माणसाच्या गरजेचा म्हणून विचारात घ्यावा.

आपल्याकडे या उपचाराला वेळ देऊ शकणारे लोक कमी आहेत, हे खरं. पाच मिनिटांच्या ओपीडीत चिठ्ठी लिहिणं सोपं, वही बघणं अवघड. पण फॅमिली डॉक्टर, समुपदेशक, प्रशिक्षित नर्स हे सगळे ही पद्धत शिकू शकतात, आणि त्यांनी ती शिकावी म्हणून मी आग्रह धरत राहणार आहे. पेशंटच्या बाजूनंही सुरुवात करता येते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या स्ट्रिप्ससोबत दोन आठवड्यांची वही घेऊन जा. घोरणं, पाय आणि बाकीची औषधं यांबद्दल आपणहून सांगा. ‘याहून स्ट्राँग काही आहे का’ याऐवजी विचारा, ‘‘माझी झोप पुन्हा बसवायची कशी, आणि गोळी उतरवायची कशी?’’ या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते तुम्हाला मिळायला हवं.